महिना पुरला पाहिजे : मुलांना घरखर्च शिकवताना

हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आपण घरखर्चाबद्दल बोलणार आहोत. घरखर्च कसा करावा हे आम्ही तुम्हाला काय शिकवणार? तुम्ही तो रोज करताच. पण हीच गोष्ट आपल्या मुलांना कशी शिकवायची, ते सांगायला आम्ही आलो आहोत.

गेली काही वर्षं आम्ही तिघी-चौघी नववीच्या वर्गावर जाऊन महिन्याच्या खर्चाचं नियोजन शिकवतो. नववीच का, तर आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. घरातल्या पैशाची झळ मुलांना पहिल्यांदा तिथे कळते. पोरगा कामाला लावायचा की शिकवायचा, पोरीला पुढे पाठवायचं की स्थळं बघायची, हे बोलणंही त्याच सुमारास घरात सुरू होतं. हे निर्णय पैशावर होतात आणि पैशाचा हिशेब मात्र मुलांना कुणी दाखवलेला नसतो.

पहिल्या वर्षी आम्ही शहरातून छापील तक्ते आणले होते. वर लिहिलेलं, 'मासिक वेतन', आणि खाली रकाने : भाडं, किराणा, वीज, करमणूक, बचत. तक्ते वाटले आणि म्हटलं, भरा. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "ताई, आमच्यात महिन्याचा पगार नस्तोय. बाजाराच्या दिवशी पैसं मिळत्यात. आन् पावसात काम बंद असलं तर त्येबी न्हाईत."

सगळा वर्ग हसला, पण पोरगं खरं बोललं होतं. मजुराच्या घरचं चक्र बाजाराच्या वारावर फिरतं, दूधवाल्याचं डेअरीच्या दहा-पंधरा दिवसांच्या बिलावर, मेंढपाळाचं कोकरं विकली जातील तेव्हा आणि शेतकऱ्याचं पीक निघेल तेव्हा. त्या तक्त्यातला 'महिना' वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत नव्हताच. आम्ही ते तक्ते गोळा करून पिशवीत घातले आणि पुन्हा काही काढले नाहीत.

दुसरी चूक याहून मोठी होती, तीही सांगतो. आम्ही मुलांना म्हटलं, आपापल्या घरचा खर्च लिहून आणा. आणि वर्गात वाचून दाखवायला लावला. एका मुलीने भाबडेपणाने सगळं खरं लिहिलं होतं, वडील पिण्यावर किती घालवतात तेही. ते मोठ्याने वाचलं गेलं. ती दोन दिवस शाळेत आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, तिच्या आईची माफी मागितली. आई एवढंच म्हणाली, "खोटं न्हाई लिवलं तिनं, पर चावडीवर कशाला वाचायचं?" त्या दिवसापासून आमचा नियम झाला : कुठल्याही मुलाला स्वतःच्या घरचा आकडा वर्गात विचारायचा नाही. हिशेब करायचा तो कागदावरच्या घराचा. घर कल्पनेतलं आणि भाव खरे. घरी गेल्यावर ज्याने त्याने मनात ताडून बघावं.

तर आता ते कागदावरचं घर तुम्हालाही दाखवतो. ऐकताना आपापल्या घराचे आकडे मनात बदलून घ्या.

आधी वर्षाची कमाई, मग महिना

घरात पाच माणसं : आजी, आई, वडील, अकरावीतली ताई आणि सातवीतला भाऊ. वडील गवंड्याच्या हाताखाली जातात, रोज ५०० रुपये. आई शेतमजुरी करते, रोज ३०० रुपये. दारात एक गाय आणि दोन-चार शेळ्या.

आम्ही मुलांना विचारतो, या घराची महिन्याची कमाई किती? उत्तर ठरलेलं असतं. "वडलांचे २० दिवस म्हणजे १० हजार, आईचे १५ दिवस म्हणजे साडेचार हजार, दुधाचे दोन हजार. झाले १६,५००." हिशेब बरोबर आहे, पण हा ज्वारीच्या काढणीतला भरलेला महिना झाला. माणसाला चांगला महिनाच ध्यानात राहतो. मग आम्ही जूनची कमाई मांडायला सांगतो. पावसाने बांधकाम थांबलेलं, वडिलांना जेमतेम १० दिवस काम. खुरपणी अजून सुरू व्हायची, म्हणून आईला काम नाही. गाय भाकड. कमाई ५,००० रुपये. घर तेच, माणसं तीच, आणि एका महिन्यात १६,५०० तर दुसऱ्यात ५,०००.

म्हणून आधी अख्खं वर्ष मांडायचं. वडिलांना आठ महिने वीस-वीस दिवस आणि पावसाळ्याचे चार महिने दहा-दहा दिवस काम, म्हणजे वर्षाला २०० दिवस, १ लाख रुपये. आईचे १०० दिवस, ३० हजार. दुधाचे चारा-पेंड वजा जाता महिन्याला २ हजार, पण नऊच महिने, म्हणून १८ हजार. दोन बोकड विकले, ७-७ हजारांना, १४ हजार. सगळी बेरीज १,६२,०००. बाराने भागलं की १३,५००. हा या घराचा खरा महिना. खर्च ठरवायचा तो या आकड्यावर.

सरकारी योजनेचे पैसे आम्ही या बेरजेत धरत नाही. त्यांची ओळ वेगळी. कधी हप्ता लांबतो, कधी कागदपत्रांत अडकतो. आला तर त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

दर महिन्याचा खर्च

इथे आम्ही मुलांना गृहपाठ देतो. दुकानात जायचं, भाव विचारायचे, पाच घरी नाही तर निदान आपल्या आईला विचारायचं की एक किलो तेल किती दिवस पुरतं. नववीतल्या मुलांना साखरेचा भाव माहीत असतो. घरात महिन्याला किती लागते हे मात्र दहात एखाद्यालाच सांगता येतं. एका मुलाने पाच माणसांना महिन्याला अर्धा किलो तेल लिहून आणलं होतं. मुली हसून लोळायच्या राहिल्या.

वर्गाने आणलेल्या भावांवरून या घराचा महिना असा उभा राहिला :

धान्य. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, म्हणून माणशी ५ किलो, पाच जणांचं २५ किलो मोफत. अंत्योदय कार्ड असतं तर घराला ३५ किलो मिळालं असतं. जानेवारी २०२३ पासून या धान्याला पैसे पडत नाहीत. पण २५ किलोत पाच माणसांचा महिना निघत नाही. वरची २० किलो ज्वारी-बाजरी ३५ रुपयांनी, ७०० रुपये.

किराणा. तेल ४ किलो ६०० रुपये, डाळी ४ किलो ४८०, साखर ४ किलो १८०, चहापूड २००, शेंगदाणे २ किलो २६०, मीठ-मिरची-मसाला-पोहे ३८०, आणि साबण, कपड्यांची पावडर, पेस्ट, मुलींचे पॅड मिळून ५००. बेरीज २,६००. पॅडची ओळ पहिल्या वर्षी एकाही गटाने लिहिली नव्हती, मुलींच्या गटानेसुद्धा नाही. आता आम्ही ती फळ्यावर स्वतः लिहितो आणि पुढे जातो, कुजबूज होऊ देत नाही.

बाजार. भाजीपाला आणि अंडी, दर बाजाराला ३०० रुपये. मुलं लिहितात, चार बाजार, १,२००. इथे थांबवायचं. वर्षात बाजार किती? ५२. चारने बारा महिन्यांना गुणलं तर ४८ होतात. मग चार बाजारांचे १,२०० रुपये कुठून आले? तुमच्या लक्षात येईल, ज्या महिन्यात पाच बाजार येतात तो महिना ओढाताणीचा का जातो. ५२ बाजारांचे १५,६०० झाले, भागिले बारा, १,३००.

फोनचं रिचार्जही असंच फसवतं. ते २८ दिवसांचं असतं, महिन्याचं नसतं. ३६५ ला २८ ने भागलं की १३ येतात, म्हणजे वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज. ३०० रुपयांचं एक, दोन फोन, तेरा वेळा : ७,८०० रुपये. महिन्याला ६५०. हे गणित फळ्यावर सुटलं की सगळा वर्ग एकदम गप्प होतो. ही आम्हाला फार आवडणारी घटका आहे.

गॅसची टाकी १४.२ किलोची. चुलीवरही थोडं शिजत असेल तर ४५ दिवस जाते. वर्षाला आठ टाक्या, पोचवण्यासकट ९०० धरले तर महिन्याला ६००. विजेचं बिल ४५०. विजेचं बिल मुलांना वाचायला द्या. एक युनिट वापरलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो, आणि १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, हे त्यांनी स्वतःच्या बोटाने बिलावर शोधलं पाहिजे.

पेट्रोल आणि एसटी १,०००. आजीच्या बीपीच्या गोळ्या आणि तपासणी ५००. वह्या-पेनं २००. बचत गटाचा हप्ता २००. आणि वडिलांची तंबाखू, रोजची २० रुपयांची, ६००.

सगळं मिळून ८,८००. कमाई १३,५००. शिल्लक ४,७००. वर्गात टाळ्या पडतात. "ताई, एवढं उरतंय की! मग लोकं कर्ज का काढत्यात?"

वर्षातून एकदा येणारे पाहुणे

टाळ्या थांबल्या की आम्ही विचारतो, या घरात दिवाळी होत नाही का?

मग हात वर येऊ लागतात. दिवाळी आणि वर्षाचे कपडे, ८ हजार. जूनमध्ये दोघांची शाळा-कॉलेज, पुस्तकं, गणवेश, दप्तर, ६ हजार. सिद्धनाथाची यात्रा, शिंगणापूर, आलेगेले पाहुणे, ५ हजार. भावकीतली लग्नं आणि आहेर, ६ हजार. दवाखाना, म्हणजे अचानक आलेला ताप, सलाईन, पोटदुखी, १० हजार. पत्रे, मोरी, मोटरसायकलची दुरुस्ती, ४ हजार. भाकड गायीचा चारा आणि जनावरांचा डॉक्टर, ६ हजार. घरपट्टी, पाणीपट्टी आणि विमा मिळून ३ हजार. विमा म्हणजे बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये जाऊन २ लाखांचा मिळणारा आयुर्विमा आणि २० रुपयांत मिळणारा २ लाखांचा अपघात विमा. आई-वडील दोघांचा उतरवला तरी हजाराच्या आत बसतो.

बेरीज ४८ हजार. भागिले बारा, ४,०००. म्हणजे वर्गाला जे ४,७०० 'उरलेले' दिसत होते, त्यातले ४,००० आधीच बोललेले होते. खरी शिल्लक ७००.

मैत्रिणींनो, घरखर्च फसतो तो बहुतेक याच जागी. दिवाळी दरवर्षी येते, जून दरवर्षी येतो, तरी प्रत्येक वेळी आपण म्हणतो, "अवचित खर्च आला." यातला अवचित खर्च दवाखान्याचा तेवढा. बाकी सगळे तारीख सांगून येतात.

शेकडा पाच म्हणजे किती?

अजून एक ओळ राहिली. या घराने गावातल्या एकाकडून ३० हजार हातउसने घेतलेत, शेकडा पाचने. आम्ही मुलांना विचारतो, शेकडा पाच म्हणजे किती टक्के? सगळे ओरडतात, "पाच टक्के!" पाचच, पण महिन्याला. वर्षाला साठ. १०० रुपयांवर वर्षाला ६० रुपये व्याज. बँकेचा टक्का वर्षाचा असतो आणि गावातला शेकडा महिन्याचा, हा फरक दहावी पास झालेल्या पोरांनाही माहीत नसतो.

३० हजारांवर महिन्याला १,५०० रुपये व्याज. ७०० मधून १,५०० गेले की या घराला महिन्याला ८०० रुपये कमी पडतात. आणि १,५०० भरूनही मुद्दल जागचं हलत नाही. दहा वर्षं भरा, ३० हजार तिथेच.

आता वर्गाने विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ : कर्ज निघालं कधी? जूनमध्ये. त्या महिन्याचा रोजचा खर्च ८,८००, व्याज १,५०० आणि शाळेचे ६,०००. बेरीज १६,३००. हातात ५,०००. खड्डा ११,३०० रुपयांचा. असे दोन-तीन जून गेले की ३० हजार होतात. बाईने उधळपट्टी केली म्हणून कर्ज झालं असं गावात बोललं जातं. त्या बाईने फक्त पोरांची नावं शाळेत टिकवली होती.

उपाय मुलांनीच शोधावा म्हणून आम्ही एक आकडा देतो. बारा महिन्यांतले आठ, ऑक्टोबर ते मे, हे बऱ्या कमाईचे. त्यात ३५ बाजार येतात. ११,३०० ला ३५ ने भागा. दर बाजाराला साधारण ३२५ रुपये बाजूला पडले तर जूनचा खड्डा भरतो. महिन्याला चौदाशे म्हटलं की छाती दडपते. बाजाराच्या दिवशी, पैसे हातात आले की लगेच, भाजीच्या आधी सव्वातीनशे काढायचे, हे समजतं आणि जमण्यातलं वाटतं. पैसे ठेवायचे कुठे? पोस्टातलं रिकरिंग महिना १०० रुपयांपासून काढता येतं, पण ते पाच वर्षांचं असतं, ते ताईच्या पुढच्या शिक्षणाला ठेवा. जूनसाठी बचत गट किंवा बँकेचं साधं खातं बरं. घरातल्या डब्यातले पैसे डब्यात राहत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पहिली काट कुणावर?

आता वर्गाला काम असतं ८०० रुपये कमी करण्याचं. चार-चार मुलांचे गट बसतात. एका वर्षी सहा गट होते. त्यातल्या दोन गटांनी आजीच्या गोळ्या बंद केल्या. एकाने अंडी बंद केली. आणि एका गटाने, ज्यात दोन मुली होत्या, लिहिलं : 'ताईची अकरावी थांबवावी.' तंबाखूला हात एकाच गटाने लावला, तोही पेन्सिलीने.

आम्ही रागावलो नाही. रागावण्यासारखं मुलांनी काही केलं नव्हतं. घरात जे बघतात तेच त्यांनी कागदावर उतरवलं होतं. आम्ही फक्त एकेका ओळीपुढे विचारलं, हे कापलं तर पुढच्या वर्षी काय होईल? गोळ्या बंद केल्या, आजीला झटका आला, तर दवाखान्याचे १० हजार पुरतील का? ताई घरी बसली तर महिन्याला नक्की किती वाचतील? हिशेब केला, तर तिचं एसटीचं भाडं नव्हतंच. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यायेण्याचा पास मोफत आहे. म्हणजे वर्षाचे तीनेक हजार वाचणार, महिन्याला २५०. ८०० चा खड्डा तसाच, आणि पोरगी मात्र कायमची घरी. ज्या मुलीने ती ओळ लिहिली होती तिने खोडरबर मागितलं. आम्ही म्हटलं, खोडू नको, काट मार. पहिल्यांदा काय सुचलं होतं तेही दिसू दे.

तेव्हापासून आम्ही काटछाट सुरू करण्याआधी कागदाला एक चौकट आखायला सांगतो : 'हात न लावायच्या ओळी'. त्यात धान्य, डाळ, भाजी-अंडी, औषधं, शिक्षण आणि विमा. काट मारायची ती चौकटीच्या बाहेर. असं केलं तेव्हा गटांनी जे काढलं ते असं : तंबाखू निम्मी, ३०० वाचले. दुसऱ्या फोनचं रिचार्ज शंभराने स्वस्त, साधारण १०० वाचले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून तालुक्याला आईने मोटरसायकलवर न जाता एसटीने जायचं, पेट्रोलचे २०० वाचले. आहेराचे ६ हजारांवरून ३,६००, म्हणजे महिन्याला २००. झाले ८००. मेळ बसला.

तंबाखूवर दरवर्षी वाद होतो. एक मुलगा म्हणाला, "ताई, हे वडलांना सांगणार कोण?" खरं आहे. कागदावर काट मारणं सोपं असतं. आम्ही मुलांना घरी जाऊन कुणाला उपदेश करायला सांगत नाही. रोजचे २० रुपये म्हणजे वर्षाचे ७,३००, दोघांच्या शाळेच्या खर्चाहून १,३०० जास्त, एवढा आकडा त्याला माहीत असू दे. पुढे तो स्वतः कमावेल तेव्हा उपयोगी पडेल.

आहेरावर मात्र मुलं बोलतात ती उत्तरं मोठ्यांनी ऐकण्यासारखी असतात. एक मुलगी म्हणाली, "आपण एकट्यानं कमी दिलं तर नाव ठेवत्यात. सगळ्या गल्लीनं ठरवलं तर कोण कुणाला नाव ठेवणार?" बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्यायला काय हरकत आहे?

आता व्याजाची ओळ. हेच ३० हजार बचत गटातून शेकडा दोनने घेऊन गावातलं कर्ज फेडलं तर? पहिल्या महिन्याचं व्याज ६००. खिशातून जाणारे १,५०० तेवढेच ठेवले तर ९०० मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात व्याज थोडं कमी, मुद्दलात थोडं जास्त. मुलं हा तक्ता महिन्यामागून महिना करत जातात, आणि २६ व्या हप्त्याला कर्ज संपतं. रक्कम तीच, १,५००. एकीकडे कधीच फिटत नाही, दुसरीकडे सव्वादोन वर्षांच्या आत फिटतं. आणि त्यानंतर महिन्याला १,५०० रुपये घरात राहतात. नववीच्या पुस्तकातलं व्याजाचं गणित मुलांना एरवी कंटाळवाणं वाटतं. हे गणित कुणी अर्ध्यावर सोडलेलं आम्ही पाहिलं नाही.

मेळ बसला, पण शिल्लक शून्य

इथे आम्ही मुलांना खोटी आशा दाखवत नाही. काटकसर करून या घराचा मेळ बसला, पण उरलं काहीच नाही. तीन माणसं राबून हे होत असेल, तर नुसत्या काटकसरीने भागणार नाही, कमाई वाढली पाहिजे. मग चर्चा वळते : एक शेळी वाढवली तर? वडील हाताखालून गवंडी झाले तर? आईला ३०० आणि वडिलांना ५०० का? हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आम्ही तो वर्गावरच सोडतो, त्याचं उत्तर आमच्याकडे विचारू नका, शेताच्या बांधावर विचारा म्हणतो.

आणि मघाशी म्हटलं ते योजनेचे पैसे? आले की दोन वाटे : एक आजारपणासाठी, एक मुद्दल लवकर फेडायला. रोजच्या खर्चात मिसळले की ते कुठे गेले कळत नाही, आणि हप्ता लांबला की घर अडतं.

'तीन माणसं राबून' असं आम्ही वर म्हटलं, पण कमावणारी तर दोनच लिहिली होती. एका वर्गात हे एका मुलाने पकडलं. आम्ही म्हटलं, मग गायीचं शेण कोण काढतं, शेळ्यांमागे कोण जातं? आजी. तिच्या नावापुढे रुपया नव्हता म्हणून कुणाला दिसली नाही. आणि तिच्याच गोळ्या दोन गटांनी आधी कापल्या होत्या.

घरी कसं सुरू कराल?

वर्ग नसला तरी हे घरी करता येतं. सातवी-आठवीच्या पुढचं मूल असेल तर एक महिनाभर त्याला घराचा कारकून करा. शंभर पानी वही, रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. आज काय आलं, काय गेलं. तुम्ही सांगायचं, त्याने लिहायचं. पहिल्या महिन्यात काहीही कापू नका, सल्ला देऊ नका, नुसतं लिहा. पुढच्या महिन्यात बाजाराचे ३०० रुपये त्याच्या हातात द्या आणि भाजी त्याला आणू द्या. चुकेल. टोमॅटो महाग घेईल, शेवटी कांद्याला पैसे उरणार नाहीत. ते दोन दिवस बिनकांद्याचे खा, पण त्याला बोलू नका. तिसऱ्या महिन्यात बारा महिन्यांची पट्टी काढा, एका कागदावर बारा चौकोन. प्रत्येक चौकोनात त्या महिन्याचा मोठा खर्च आणि अंदाजे कमाई. ती भिंतीवर लावा. आपला जून कुठला ते सगळ्या घराला दिसू दे. काहींचा जून दिवाळीत असतो, काहींचा उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा.

आणि मुलगा-मुलगी दोघांनाही शिकवा. मुलीला 'संसारात उपयोगी पडेल' म्हणून आणि मुलाला नको, असं करू नका. तंबाखूची ओळ पुढे त्यालाच लिहायची आहे.

काही मुलं विसरतात, वह्या हरवतात. गेल्या मे महिन्यात बाजारात एक बाई भेटल्या. त्यांची मुलगी आमच्या वर्गात होती. म्हणाल्या, "पोरगी दर बाजाराला पिशवी धरून उभी राहती. आधी जूनचं दे, मग भाजी घे म्हणती. डोकं खाती नुसती." आम्ही विचारलं, किती जमले? त्या म्हणाल्या, "सगळं न्हाई जमलं. सहा हजार झाल्यात. पर पुस्तकं आली."

तुमच्या घरचा जून कुठला, ते आम्हाला कळवा. पत्र टाका, नाहीतर केंद्रावर येऊन सांगा. नाव वाचणार नाही, आकडाही वाचणार नाही. पुढच्या भागात बचत गटाची वही कशी वाचायची, हप्त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती, ते बघू. तोवर रामराम.